फुकटात मिळालेले नाव

मी एक जुना पत्ता आहे. घराचा किंवा गल्लीचा नव्हे. पोस्टमनला मी सापडणार नाही. मोबाइलवर वरच्या पट्टीत तुम्ही जे नाव टाइप करता आणि मग खाली पान उघडते, ते नाव म्हणजे मी. शिकलेली माणसे मला डोमेन म्हणतात. माझे पूर्ण नाव 'मेंढरंबसवा डॉट इन'. हसू नका, मित्रांनो. तुमचे नाव ठेवताना तुम्हाला कुणी विचारले होते का? मलाही विचारले नाही.

मला हात नाहीत, पाय नाहीत. झिजायला, गंजायला, फुटायला माझ्यात काहीच नाही. त्यामुळे माझी हकिगत सांगताना माझा गळा दाटून येईल, अशी आशा ठेवू नका. जे झाले ते सांगतो. काही ठिकाणी तुम्हाला वाईट वाटले तर ते तुमचे तुम्ही वाटून घ्या.

माझा जन्म धर्मापुरीचा. तिथे जुन्या देवळाच्या वाटेवर पंचशीलाचे ऑनलाइन सेंटर आहे. सातबारा, पीकविमा, परीक्षेचे अर्ज अशी कामे ती करते. तिची शाळेपासूनची मैत्रीण योगिता. योगिताचे वडील आप्पाराव मेंढपाळ आहेत. सुगी संपून रानं मोकळी झाली की ते आणि त्यांची बायको रुक्मिणीबाई कळप घेऊन निघतात आणि अंबाजोगाई, केज करत पार बीडजवळच्या पालीपर्यंत जातात. वाटेत शेतकरी त्यांना रानात मेंढरं बसवायला बोलावतात. मेंढरं बसवायची म्हणजे संध्याकाळी शेतात जाळीचे कुंपण ठोकायचे आणि कळप आत घालायचा. सकाळपर्यंत लेंड्या आणि मूत जमिनीत पडते आणि रान सुधारते. शेतकऱ्याला खत मिळते, मेंढपाळाला धान्य आणि हक्काने टेकायला जागा मिळते. दोघांचेही भागते.

अडचण एकच होती. शेतकऱ्याला मेंढरं हवी असत, पण ती आज कुठल्या शिवारात आहेत ते त्याला कळत नसे. आणि मेंढपाळाला रान हवे असे, पण कुणाचे मोकळे आहे ते कळत नसे. मग आप्पाराव कळप घेऊन रस्त्याच्या कडेला उभे राहत आणि दिसेल त्याला विचारत. कुणी 'या' म्हणे, कुणी कुत्री सोडे.

योगिता कॉलेजात शिकत होती. तिने यासाठी एक साधे पान बनवले. 'आज मेंढरं कुठं हायत', एवढेच त्यावर लिहायचे. पान फुकटात झाले, पण त्याच्या पत्त्याला फुकट देणाऱ्याचे लांबलचक शेपूट चिकटलेले होते. तो पत्ता फोनवर कुणाला सांगायचा म्हणजे ऐकणाऱ्याची चिलीम विझून जावी. तेव्हा पंचशीलाने शोध लावला, की एक कंपनी स्वतःचे सुटसुटीत नाव पहिल्या वर्षी फुकट देते.

"फुकट?" आप्पाराव म्हणाले. ते त्या दिवशी सेंटरवर पीकविम्यासाठी आले होते. "अगं, लेकराचं बारसं घालायचं म्हणलं तरी घुगऱ्या शिजवाव्या लागत्यात. फुकट नाव वाटणारा ह्यो कोण धर्मराज?"

"कंपनी हाय, आबा. पुढच्या वर्षापून थोडे पैसे घेत्यात."

"आस्सं. म्हंजी आधी सवय लावत्यात." आप्पारावांना ते पटले. "मंग घे."

चांगली चांगली नावे आधीच कुणीकुणी घेऊन ठेवली होती. खूप शोधल्यावर मी शिल्लक सापडलो. पंचशीला भराभर माहिती भरत गेली आणि एका जागी थांबली.

"नंबर कुणाचा टाकू?"

"माझाच टाक. आबाच्या फोनला रानात कुठं रेंज असती?" योगिता म्हणाली.

तो नंबर म्हणजे माझी किल्ली. पानावर मजकूर लिहायचे काम योगिता करी आणि पंचशीलाही करू शके. पण मला चालू ठेवायचे, दरवर्षी माझी मुदत वाढवायची, ते फक्त योगिताच्या नंबरावर येणाऱ्या कोडने होणार होते. त्यात कुणाची चूक होती असे मला आजही वाटत नाही.

मग माझे बरे दिवस आले. आप्पाराव जिथे रेंज सापडेल तिथून योगिताला मुक्काम कळवत. 'आज मेंढरं नेकनूरच्या शिवारात', 'उद्या पुढं निघणार', असे माझ्या नावाखाली दिसू लागले. पालीच्या भागवतरावांचे बिंदुसरा धरणाजवळ रान होते. ते सकाळी चहाबरोबर मला उघडून बघत आणि कळप जवळ येईपर्यंत ट्रॅक्टरवाल्याला थोपवून धरत. "मेंढरं बसू दे, मंग नांगर," असे त्यांचे ठरलेले. नाथा आणि आश्रुबा हे दुसरे दोन मेंढपाळही आपापले कळप माझ्यावर सांगू लागले. एका शेतकरी मेळाव्यात योगिताला शाल आणि नारळ मिळाला. मला काही मिळाले नाही. शाल घ्यायची तर खांदा हवा.

पहिले फुकटचे वर्ष संपले तेव्हा तिने स्वतःच्या शिकवणीच्या पैशांतून माझी मुदत वाढवली. त्याच्या पुढच्या वर्षीही वाढवली. तेवढ्यात तिचे लग्न ठरले.

स्थळ केजचे होते. मुलगा सौरभ, औषधांच्या दुकानात कामाला, शांत स्वभावाचा. साखरपुड्याला साडीच्या ताटातच नवा मोबाइल आला, नव्या नंबरासकट. आमच्याकडे हल्ली तशी रीतच पडली आहे. सोयरीक झाली की मुलीचा जुना नंबर बंद करायचा. जुन्या ओळखीचे फोन सासरी नकोत, उगीच बोलणी नकोत. रुक्मिणीबाईंनी जुन्या फोनमधले कार्ड काढले आणि लोकर कातरायच्या कातरीने त्याचे दोन तुकडे केले.

"माय, त्याच्यावर माझं समदं हाय गं."

"समदं म्हंजी काय? फोटूच न्हवं का? फोटू फोनमदी ऱ्हात्यात म्हणं."

योगिता पुढे बोलली नाही. मला तर तोंडच नाही. त्या मायलेकींच्या मधोमध माझी किल्ली जमिनीवर पडली आणि रुक्मिणीबाईंनी ती केरात झाडून टाकली.

लग्नात ताटभर तांदूळ पसरून आणले. त्यात अंगठीने नवरीचे सासरचे नाव लिहायचे असते. सौरभच्या आत्याने नाव सुचवले आणि सौरभने लिहिले, बबिता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, कुणी साखर वाटली. हेही नाव फुकटच होते. पहिल्या वर्षी फुकट आणि पुढे पैसे, अशी त्यात अटसुद्धा नव्हती. योगिताला वाईट वाटले का, ते तुम्ही विचाराल. तिला काही वाटले नाही. हाताला मुंग्या आल्या की हात आपला वाटत नाही, तसे तिचे झाले होते. सुरुवातीला 'बबिता' अशी हाक आली की ती जरा उशिराने वळे. मग वेळेवर वळू लागली. सासू गीताबाई तशा मायेच्या. सुनेला कामाला जुंपून स्वतः ओसरीवर बसायचे, असला त्यांचा स्वभाव नव्हता. पण त्या तिला बबिताच म्हणत, कारण घरात तेच नाव होते.

इकडे माझी मुदत सरत आली. कंपनीने मेलवर मेल पाठवले. ते उघडायचे तर जुन्या नंबराचा कोड लागे. कुणी उघडले नाहीत. योगिताला मी आठवत होतो की नाही, सांगता येत नाही. घर, स्वयंपाक, पाहुणे, सण असे तिचे दिवस जात होते. आणि एक दिवस मी बंद पडलो. दुखले नाही. कुणीतरी दिवा मालवावा इतकेच झाले.

पंचशीलाने लगेच फोन केला. "योगिता, नाव बंद पडलंय गं. मेंढरं निघाल्यात. आता शेतकऱ्याला कुठून कळायचं? कंपनी थोडे दिवस आपल्यासाठी नाव राखून ठिवती, तवर पैसे भरले तर परत मिळंल. पण कोड तुझ्या जुन्या नंबरावर जातोय."

"त्यो नंबर न्हाई आता."

"दुसऱ्या कुणाला दिला आसंल शिमकार्डाच्या कंपनीनं. लावून तर बघ."

योगिताने स्वतःचाच जुना नंबर लावला. शेजारी गीताबाई मेथी निवडत बसल्या होत्या. पलीकडून गाडीच्या इंजिनाचा आवाज आला आणि मग माणसाचा.

"हां, बोला. राधाकिशन बोलतोय."

"दादा, ह्यो नंबर आधी माझा होता. आता तुमच्याकडं एक कोड येईल, तेवढा वाचून दावता का?"

"ताई, कोड कुणालाच सांगत नसत्यात. आमच्या जीपमदल्या एका मास्तरचं खातं आसंच धुऊन निघालं."

"न्हाई वो दादा, पैशाचं न्हाई. माझ्या वडिलांच्या मेंढरांचं काम हाय."

"मेंढरांना कोड कावून लागतोय?" तो हसला, पण त्याने फोन ठेवला नाही. तेवढ्यात तिने मागवलेला कोड त्याच्याकडे पोचला असावा, कारण त्याने विचारले, "बरं, नाव काय तुमचं?"

मित्रांनो, इथे नीट लक्ष द्या. समोर मेथीची जुडी होती, शेजारी सासूबाई होत्या आणि घरात तिचे जे नाव होते ते जिभेवर बसलेले होते. ती म्हणाली, "बबिता."

पलीकडे त्याने कोडचा मेसेज पुन्हा वाचला.

"हितं तर योगिता लिवलंय," राधाकिशन म्हणाला. "'योगिता, तुमचा कोड', आसं हाय. अन् तुमी बबिता. वा! ताई, निदान नाव तरी पाठ करून फोन करत जावा." त्याने फोन कापला. तिने पुन्हा लावला तेव्हा तो लागेना.

"कोण व्हतं?" गीताबाईंनी विचारले.

"राँग नंबर," ती म्हणाली आणि मेथी निवडू लागली.

राधाकिशनचे तरी काय चुकले? प्रत्येक फोनच्या आधी एक बाई हेच तर सांगत असते, कोड कुणाला देऊ नका. त्याने ऐकले. योगिताला वाटले असते तर सौरभला सांगता आले असते, पंचशीलाला सांगता आले असते. तिने कुणालाच सांगितले नाही. रडलीही नाही. मी तर आधीच बंद होतो. आम्ही दोघे तसेच राहिलो आणि दिवस जात राहिले.

पालीला भागवतरावांनी सकाळी मला उघडले. पान आले नाही. दुसऱ्या दिवशीही आले नाही. आप्पारावांचा फोन रेंजच्या बाहेर. रान किती दिवस मोकळे ठेवायचे? त्यांना वाटले, यंदा मेंढरं येत नाहीत. त्यांनी ट्रॅक्टरवाल्याला बोलावले आणि रान नांगरून घेतले. दुसऱ्या शेतकऱ्यांनीही तेच केले. कळप तिथे पोचला तेव्हा जिकडेतिकडे ढेकळे. आप्पाराव पुन्हा रस्त्याच्या कडेला उभे राहिले, पूर्वी राहत तसे. माणूस आणि मेंढरं सगळीच थकलेली. भरधाव टेम्पो आला आणि चार कोकरं त्याखाली गेली.

रुक्मिणीबाईंनी रेंजमध्ये येऊन लेकीला फोन केला. त्या मोठमोठ्याने रडत होत्या. "आगं, त्या मोबाइलवर आपलं नाव कावून दिसंना? तू बंद केलंस का? भागवतराव म्हणत्यात, पोरगी सासरी गेली अन् इसरली."

योगिताने 'न्हाई माय' एवढेच म्हटले. फोन ठेवून ती शेगडीजवळ उभी राहिली. दूध उतू गेले तरी तिला दिसले नाही. गीताबाईंनी गॅस बंद केला, सुनेला खाली बसवले आणि म्हणाल्या, "त्यो राँग नंबर न्हवता. मला काय येडी समजतीस? सांग."

तिने सगळे सांगितले. माझे नाव घेतले, कार्ड कापल्याचे सांगितले, राधाकिशनला काय नाव सांगितले तेही सांगितले. सांगताना आवाज एकसारखा होता, बसची वेळ सांगावी तसा. गीताबाई ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "त्या बाबाचा फोटू दिसतो का बघ." जुन्या नंबरासमोर एका पांढऱ्या जीपचा फोटो होता. गीताबाईंनी तो डोळ्यांजवळ धरला. "ही तर आपल्या स्टँडावरली हाय. पदर घे. चल."

राधाकिशन जीपमध्ये प्रवासी भरत होता. त्याला आधी काही कळेना. मग कळले तसा तो सावध झाला.

"म्हंजी फोनवर तुमीच व्हय? बबिताताई?"

"बबिता आमी ठिवलंय," गीताबाई म्हणाल्या. "तिचं नाव योगिता हाय. मी सासू हाय तिची, मी सांगती."

"मावशी, राग नका मानू, पर एका माणसाला दोन-दोन नावं..."

"मला बी दोन हायत. मी बायनाबाई. लगनात गीता झाले. माझी माय गेल्यापून त्या नावानं कुणी हाक मारली न्हाई."

योगिताने सासूकडे पाहिले. इतके दिवस एका घरात राहून तिला ते माहीत नव्हते. राधाकिशनने जीपचे इंजिन बंद केले. "माझ्या मायचं काय व्हतं कुणास ठाऊक," तो म्हणाला. "इचारलंच न्हाई कधी." मग त्याने खिशातून फोन काढला. "मागवा तुमचा कोड. वाचतो मी."

कोड आला. त्याने एकेक आकडा सावकाश वाचला. योगिताने तो घातला आणि खाते उघडले. आत तिचे नाव होते, योगिता, आणि त्याखाली लिहिलेले होते की या खात्यात एकही पत्ता नाही. मला राखून ठेवायची मुदत उलटली होती. ज्याची मुदत संपते त्याच्यावर टपून बसलेले लोक असतात. त्यांतल्या कुणीतरी मला उचलून नेले होते. कोण, कुठला, मला माहीत नाही. त्याने मेंढरू पाहिले असेल असे वाटत नाही.

"झालं का काम?" राधाकिशनने विचारले.

"झालं, दादा," योगिता म्हणाली. त्याला वाईट वाटू नये म्हणून ती तसे म्हणाली.

तिथूनच तिने पंचशीलाला फोन लावला. पान अजून शाबूत होते, फक्त त्याला सांगण्याजोगा पत्ता नव्हता. पंचशीलाने पुन्हा एक फुकटचे नाव शोधले, माझ्याहून लांब आणि जरा ओबडधोबड. या खेपेला तिने नंबर दोघींचे टाकले आणि मुदतीची तारीख सेंटरच्या दारावर मोठ्या अक्षरांत चिकटवली. मालकाच्या जागी काय लिहू, असे तिने विचारले, तेव्हा योगिताच्या आधी गीताबाई फोनकडे वाकून म्हणाल्या, "योगिता लिव, बाई. खाली तिच्या बापाचं बी लिव." त्या दिवशी घरी आल्यावर मात्र त्यांनी सवयीने 'बबिता' अशीच हाक मारली आणि तिने ओ दिली.

माझे म्हणाल तर मी आता पुन्हा चालू आहे. मला उघडले की जुगाराचे पत्ते फिरतात, सोन्याची नाणी पडतात आणि 'आता खेळा' असे चमकत राहते. माझ्या नव्या मालकाला माझ्या नावाशी देणेघेणे नाही. माझ्याकडे येणाऱ्या लोकांशी आहे. लाज वाटते का? वाटायला हवी, एवढे कळते. पण वाटत नाही.

मित्रांनो, फुकट मिळाले म्हणून कुठलेही नाव कमी किमतीचे होत नाही. ते आपल्या नावावर, आपल्या चालू नंबरावर ठेवा आणि एक किल्ली विश्वासाच्या माणसाकडे द्या. घरात नवी वहिनी आली, नवी काकू आली, तर तिला तिचे आधीचे नाव विचारा. आईला विचारा. आजीलाही विचारा.

आणि एक काम सांगतो. नाथाने माझ्या भरभराटीच्या दिवसांत केजपासून पालीपर्यंत विहिरींच्या खोल्यांवर, पुलांच्या कठड्यांवर मला चुन्याने लिहून ठेवले आहे. अजूनही एखादा शेतकरी ते वाचतो, मेंढरांच्या आशेने मला उघडतो आणि जुगारात जाऊन पोचतो. तुमच्या वाटेवर मी कुठे लिहिलेला दिसलो, तर कृपा करून मला पुसून टाका.